मदत हवी आहे: स्क्रॅचमध्ये ‘दिवस’ मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरातून. सातवीतल्या भाचीला स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा) आमच्या रंकाळा तळ्यावर जलपर्णी कशी पसरते याचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरची नक्कल, करायचंय. प्रत्येक रोप म्हणजे एक क्लोन (मूळ चित्राची प्रत), आणि दर काही दिवसांनी त्याचं आणखी एक रोप.

अडलंय ते घड्याळाशी. टायमर ब्लॉक खरे सेकंद मोजतो. क्लोन वाढले की आमचा जुना लॅपटॉप रांगतो, पण टायमर आपला पळतच असतो! त्यामुळे तोच प्रोजेक्ट शेजारच्या नव्या लॅपटॉपवर लावला की तेवढ्याच वेळात भलतीच जास्त रोपं दिसतात.

म्हणून टायमर सोडून ‘दिवस’ नावाचं व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) ठेवावं म्हणतोय. ते फक्त स्टेजच्या (मागच्या पडद्याच्या) ‘फॉरएव्हर’मध्ये, म्हणजे सतत फिरत राहणाऱ्या ब्लॉकमध्ये, १ ने वाढेल. हे वाढवायचं काम क्लोनमध्ये ठेवलं तर प्रत्येक रोप स्वतःचा दिवस उगवणार. मग ‘ब्रॉडकास्ट अँड वेट’ने (निरोप देऊन थांबणारा ब्लॉक) क्लोनना ‘नवा दिवस’ कळवायचा.

सगळ्या क्लोनचं काम संपेपर्यंत स्टेज खरंच थांबतं का? त्याच फेरीत जन्मलेल्या क्लोनचं काय? आणि स्क्रॅचची ३०० क्लोनची मर्यादा गाठल्यावर रोपांच्या संख्येचा आलेख सपाट होतो, तो तळं भरलं म्हणून नव्हे हे पोरीला कसं दाखवू? कुणी असं केलं असेल तर सांगा की.