चूल, शेगडी, आगटी: तुमच्याकडच्या विस्तवाचे अनुभव लिहा

काल आमच्या इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याने इस्त्रीतले उरलेले निखारे पत्र्यावर काढले आणि त्यावर कणीस भाजायला ठेवलं. लिफ्टपाशी तो वास आला आणि आजोळचं परस डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आजीची चूल परसात, कडुनिंबाखाली. शेजारी वैल, म्हणजे त्याच जाळावरची जोडचूल. चुलीवर तवा, वैलावर आमटी, म्हणजे एकाच जाळात दोन्ही कामं. पातेल्याला बाहेरून ओल्या राखेचा लेप द्यायची, मग काजळी हाताने निघायची. भाकरी तव्यावर दोन्हीकडून झाली की तवा उतरवून ती निखाऱ्यांसमोर उभी करायची. टम्म फुगायची, कडेला बारीक काळे ठिपके. आणि भाकरीला जळण बाभळीचंच. आंब्याचं ओलसर लाकूड आलं की पीठ मळायच्या आधी तेच बाजूला काढायची.

चव जेवढी हाताची तेवढीच जळणाची असते, असं मला मनापासून वाटतं. तुमच्याकडे काय जाळायचे आणि त्यावर काय शिजायचं?

खान्देशकन्या
भरीत!! तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) नाहीतर पऱ्हाट्या (कपाशीच्या), तिसरं काही नाही. काडी भरभर पेटते, साल पार करपते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. गॅसवर वांगं भाजता येतं, पण आमच्या घरी त्याला भरीत म्हणत नाहीत. वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातभर. जळगावच्या भरीत वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ठेचायचं लाकडी भांड्यात. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. पुढचं नंतर, पोरं शाळेतून आली.

दुपारचा_चहा
वैल! आमचं दूध कायम वैलावर असायचं. साय जाड, जरा धुरकट. कुकरची शिट्टी झाली, पळते.

अलिबागकर
पोपटीचं नाव कोणीच कसं काढलं नाही? थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच लावायची. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा (वासाचं एक रानझुडूप) पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ. मधे अंडी, बटाटे, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन. परत पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या. अर्धा-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चुर्र करून उडालं की झाली. मडकं उघडताना पहिली वाफ येते ती नुसत्या भांबुर्ड्याची.

पेठेतली
दादा, भांबुर्डा पुण्यात कुठे मिळेल?

अलिबागकर
ताई, मंडईत शोधू नका. आमच्याकडे बांधावर आपोआप उगवतो, कोणी येणारं असेल तर पिशवीभर मागवा. शेंगा मात्र तिकडेही मिळतील.

नंदा_मावशी
सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं, तरी एक लिहिते. आमच्या आईची चूल घरात होती, धुराडं नाही. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे कायम लाल. खोकला शेवटपर्यंत राहिला. गॅस आला त्या दिवशी तिने शेगडीला हळदकुंकू वाहिलं होतं. चूल हौसेची असू दे, उघड्यावर असू दे. रोजची कोणाच्या वाट्याला नको.

खान्देशकन्या
मावशी, अगदी खरं. माझ्या आजीचंही हेच.

दुपारचा_चहा
🙏

वऱ्हाडी_ठसका
आमच्याकडे रोडगे. कणकेच्या पाऱ्या, मधे तेल, एकात एक गुंडाळून गोळा. गोवऱ्यांची धग बसली की राखेत पुरायचे. भाजले की फडक्यात धरून राख झटकायची आणि फोडून वर तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्या गावात हे काम पुरुषांचं, बाया त्या दिवशी फक्त जेवायला बसतात 😄

पेठेतली
हे गाव कुठलं, पत्ता द्या!

जर्सीतला_मराठी
इथे मागच्या अंगणात ग्रिल आहे. एकच सांगणं, कोळसा पेटवायला ते बाटलीतलं तेल वापरू नका, त्याचा वास थेट भरतात उतरतो. चिमणीत (कोळसा पेटवायचं पत्र्याचं नळकांडं) खाली कागद, वर कोळसा. वरचा कोळसा राखाडी झाला की ओतायचा आणि वांगी जाळीवर नाही, निखाऱ्यातच. आणि थंडी आहे म्हणून शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये नेऊ नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येत असतो, त्याला वासही नसतो.

भीमाकाठ
हुरडा राहिलाच की! आगटीत जाळ नको, आर (धगधगते निखारे) पाहिजे. उथळ खड्डा, गोवऱ्या, लाल आर पडला की कणसं खुपसायची. गरम गरम हातावर चोळायची, तळहात भाजतोच. सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही हुरड्याची ज्वारी, भाकरीच्या ज्वारीची ती गोडी नाही. लसणाची चटणी, दही, गूळ.

पेठेतली
कधी यायचं?

भीमाकाठ
संक्रांतीच्या मागंपुढं. निघायच्या आधी फोन करा, दाणा आठवड्यात टणक होतो. येताना मुलांना आणा, गाडी देवळापाशी लावा, पुढं चिखल असतो.

पेठेतली
नक्की. गोवऱ्या आणू का? इथे पूजेच्या दुकानात मिळतात.

भीमाकाठ
अहो ताई, दारात चार म्हशी आहेत. तुम्ही फक्त चितळ्यांची बाकरवडी आणा.