पेटी-तबल्यासाठी दुसरा माईक कुठला?

पेटीवाला: माझ्याकडे शुअरचा एसएम५८ आहे, गाणं बरं येतं पण पेटी नि तबला दबल्यासारखे वाटतात. रेकॉर्डिंगची खोली साधीच, खाली रिक्षास्टँड. कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा नाजूक माईक) घेऊ का?

खर्ज: रिक्षास्टँड असेल तर कंडेन्सर सगळं पकडणार, पंख्याची घरघर पण. त्यापेक्षा एसएम५७ घ्या, ५८चाच सख्खा भाऊ, १९६५पासून चालतोय. तबल्याच्या चाटेपासून (कडेची चामड्याची पट्टी) वीतभर वर, जरा तिरका लावायचा. डग्ग्याच्या फार जवळ नेऊ नका, खर्ज फुगतो आणि मग सगळं नुसतं घुमतं.

तानपुरा४८: नाही पटलं. तोही ५८सारखा डायनॅमिकच, म्हणजे कंडेन्सरइतका बारीक टिपणारा नाही, मग पेटीला फरक काय पडणार? एक छोट्या डायफ्रॅमचा (आवाज झेलणारा आतला पडदा) कंडेन्सर घ्या, पट्ट्यांच्या वर हातभर, भात्याकडे तोंड नको नाहीतर हवेची फसफस येते. इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे केबलमधूनच माईकला मिळणारी वीज, आहे ना बघा, नसेल तर माईक मुकाच राहणार. आणि रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर, तेव्हा कुठल्या रिक्षा :)

पेटीवाला: फँटम आहे. पण रात्री अकराला तबला वाजवला तर सोसायटीवाले मलाच रिक्षात बसवतील.

खर्ज: बरं, पेटीपुरता कंडेन्सर मान्य. खिडकीला जाड गोधडी टांगा आधी, माईक नंतर.