व्हिटॅमिन बी-१२, व्हिटॅमिन डी, आयर्न: तुमचे टेस्टचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. आई ६७ वर्षांची, शुद्ध शाकाहारी, डायबेटिसमुळे बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू. गेल्या वर्षी चालताना तिच्या पायातली चप्पल निसटायची आणि तिला कळायचंच नाही, चार पावलं पुढे गेल्यावर आम्ही सांगायचो की आई चप्पल मागे राहिली. तळव्यांना मुंग्या यायच्या, कापसावर चालल्यासारखं वाटतं म्हणायची. सगळ्यांनी शुगर आणि वयावर ढकललं, मी पण. शेवटी एका डॉक्टरांनी बी-१२ करायला सांगितलं, आलं ११२. साधारण २०० च्या खाली कमी धरतात. मेटफॉर्मिनने बी-१२ शोषलं जाणं कमी होतं हे बारा वर्षांत आम्हाला कुणीच बोललं नव्हतं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. इंजेक्शनं सुरू केली, आधी एक दिवसाआड मग आठवड्याला मग महिन्याला. मुंग्या चार-पाच महिन्यांत बऱ्याच कमी झाल्या पण डाव्या पायाचा बधिरपणा थोडा राहिलाय. नसांचं नुकसान जुनं झालं की पूर्ण भरून येईलच असं नाही म्हणाले. तुमच्याकडे कसं लक्षात आलं ते लिहा प्लीज, कुणाला तरी वेळेत कळेल.

*

आमच्याकडे मटण-अंडी सगळं चालतं म्हणून मला बी-१२ चा संशय पण नव्हता. कोल्हापूरचा आहे, रविवार कधी चुकत नाही. तरी १६० आलं. कारण पित्ताची पँटोप्राझोल गोळी सात वर्षं रोज उपाशीपोटी, स्वतःच मेडिकलमधून आणून. पोटातलं अ‍ॅसिड कमी झालं की अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. जीभ लाल गुळगुळीत झालेली, तिखट सोसत नव्हतं, तेच पहिलं लक्षण होतं.

*

माझं आयर्नचं. दोन वर्षं मी कच्चे तांदूळ खात होते, डब्यातून मूठ मूठ, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटायची. हिमोग्लोबिन ११.४, त्यावर ऐकायला मिळालं की बायकांचं एवढंच असतं. केस गळतात म्हणून स्किनवाल्या मॅडमकडे गेले तर त्यांनी फेरिटिन करायला सांगितलं, ते आलं ६!! म्हणजे शरीरातला साठा संपलेलाच. मैत्रिणींनो नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. आणि कमी का झालं ते पण शोधा, माझ्या पाळीत खूप रक्त जायचं, सोनोग्राफीत फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ निघाली. गोळी लिंबू सरबताबरोबर घ्यायचे, जेवणानंतरचा चहा दीड तास पुढे ढकलला, कॅल्शियमची गोळी रात्री. पाच महिन्यांनी फेरिटिन ४१. तांदूळ खावेसे वाटणं दुसऱ्याच महिन्यात आपोआप थांबलं.

*

वरच्या ताईंचं बरोबर आहे पण उलटं पण होतं म्हणून लिहितो. माझं हिमोग्लोबिन लहानपणापासून साडेदहा-अकरा, आईने बीट, खजूर, टॉनिक सगळं केलं, कॉलेजात आयर्नच्या गोळ्या खाल्ल्या, ढिम्म फरक नाही. लग्न ठरताना नागपुरात एका डॉक्टरांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट नीट वाचला, एमसीव्ही ६४ म्हणजे लाल पेशी फारच लहान, आणि फेरिटिन एकदम भरपूर. हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी एचपीएलसी टेस्ट केली, थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, पण सौम्य. त्याला आयर्न लागत नाही, आजारही नाही म्हणता येणार, पण बायकोची टेस्ट आधी केली कारण दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे याच दोषाचा गंभीर आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के. तिची नॉर्मल आली तेव्हा आम्ही दोघं लॅबच्या बाहेर रडलो.

*

डी बद्दल एक कळकळीने सांगते. सासूबाईंना ६०,००० युनिटची सॅशे आठवड्यातून एक, आठ आठवडे लिहून दिली होती. त्यांनी रोज घेतली, जवळजवळ दोन महिने, आणि घरात कुणाचं लक्ष नाही. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, मग बरळायला लागल्या. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर, म्हणजे खूपच जास्त, सहा दिवस अ‍ॅडमिट, सलाईनवर. जास्तीचं डी लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठतं. आता पाकिटावर मी मार्करने वार लिहून ठेवते.

*

इंग्लंडमधल्या लीड्सहून लिहितेय. इथे ऑक्टोबर ते मार्चच्या सुमाराला उन्हाने त्वचेत पुरेसं डी तयारच होत नाही म्हणून थंडीत सगळ्यांनाच रोज ४०० युनिट घ्यायला सांगतात. आपली सावळी कातडी, त्यामुळे आम्ही वर्षभर घेतो. एक विचारायचं होतं, गोळ्या चालू असताना टेस्ट केली तर चालते का?

*

बी-१२ चं विचारत असाल तर आमच्या डॉक्टरांनी तरी सांगितलं की आधी रक्त द्या मग गोळी सुरू करा, नाहीतर आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला आधीच सांगा, त्याने थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या टेस्टसाठी मनाने बंद करू नका.

सुरुवातीला लिहिलं त्या माझ्या आईचं विचारलंत त्या सगळ्यांना, ती आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत एकटी जाऊन येते. मागे पट्टा असलेलेच सँडल घालायला लावते मी अजून.