मदत हवी आहे: आईच्या पंचाहत्तरीला पुस्तकं द्यायची आहेत, पाच जणांपाशी अडलंय

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आईची पंचाहत्तरी आहे. इथेच नौपाड्यात छोटा हॉल घेतलाय, घरचीच चाळीसेक माणसं. निघताना प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा नको, पुस्तक द्यायचं, हे आईने कधीच ठरवून टाकलंय. तिची अट एकच आहे, पण अवघड: स्वतः न वाचलेलं पुस्तक ती कोणाला देणार नाही. प्रत्येक पुस्तकात ती आपल्या हाताने दोन ओळी लिहिणार, हे तुलाच का, एवढंच.

लग्न होऊन ठाण्यात आली त्याच वर्षी ती मराठी ग्रंथ संग्रहालयाची सभासद झाली. १८९३ पासूनची संस्था, त्यामुळे जुनंनवं सगळं तिला तिथेच मिळत गेलं. घरी तिची एक वही आहे. पुस्तकाचं नाव, तारीख आणि एका शब्दाचा शेरा. ‘सुंदर’, ‘रडले’, ‘लांबण’. त्या वहीतून पस्तीस जणांची पुस्तकं निघाली.

सगळ्यांना एकच का देत नाही, असं कोणीतरी विचारेल म्हणून सांगते. माझ्या वास्तुशांतीला मी एकाच प्रेरणादायी पुस्तकाच्या तीस प्रती सरसकट वाटल्या होत्या. दोन वर्षांनी त्यातली एक रद्दीच्या दुकानात माझ्या सहीसकट दिसली. ज्यांनी ती दिली त्यांचा राग आला नाही, पण वाईट वाटलं. त्या घरासाठी म्हणून मी ते निवडलंच नव्हतं.

तर अडलेले पाच जण.

ऐरोलीचे मोठे मामा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त, आयुष्य रस्त्यांवर गेलं. ‘कुणीतरी रचलेलं आपण का वाचायचं’ म्हणतात. चरित्रं दिली तर पाच पानांत चुका काढतात.

नणंदेची मुलगी, अकरा वर्षांची, इंग्रजी माध्यम. मराठी अस्खलित बोलते, पण वाचताना जोडाक्षराला अडते आणि मग पुस्तक मिटते. लहान बाळांचं पुस्तक दिलं तर तिला अपमान वाटेल, हे नक्की.

आईची थोरली बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ‘स्मृतिचित्रे’ची पारायणं केलेली बाई, आता भिंगाशिवाय अक्षर दिसत नाही.

माझा दीर फक्त भुताखेताचं आणि खुनाचं वाचतो, तेही इंग्रजीत. मराठीत असलं काही चांगलं नसतंच, हे त्याचं ठाम मत.

आणि आमच्याकडे एकोणीस वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या ताई. माझा जीव सगळ्यात जास्त इथे अडकलाय. सातवीपर्यंत शिकल्यात. काम आटपलं की कळव्याची बस धरण्याआधी आमचा पेपर पहिल्या पानापासून वाचतात. त्यांना पाककृतींचं पुस्तक द्यावं असं एका नातेवाइकांनी सुचवलं, तेव्हा आई पहिल्यांदाच चिडली. दिवसभर रांधणाऱ्या बाईला भेट म्हणून पुन्हा रांधणंच द्यायचं? ताईंचं माहेर आटपाडी तालुक्यातलं. दुष्काळात गाव सुटलं, त्याबद्दल फारशा बोलत नाहीत.

आई अजून चार-पाच पुस्तकं वाचून काढू शकते. किंमत तीनशे-चारशेच्या आत असली तर बरं. सुचवाल का?

*

प्रतिसाद (डोंबिवली):
मामांना डोळे मिटून ‘रारंग ढांग’. प्रभाकर पेंढारकरांची कादंबरी आहे, पण त्यांना आधी तसं सांगू नका. हिमालयातल्या ताठ उभ्या कड्यातून लष्करासाठी रस्ता काढायचाय, मुंबईकडची सुखाची नोकरी सोडून आलेला एक तरुण सिव्हिल इंजिनिअर आहे, आणि वरचा हुकूम पाळायचा की आपल्या विद्येला जे बरोबर दिसतं ते करायचं हा पेच. माझे सासरे पाटबंधारे खात्यातले. रात्री दोनपर्यंत दिवा चालू होता.

दिराला नारायण धारप. ‘तुंबाड’ त्यांनी पाहिला असेलच. त्याच्या दिग्दर्शकाला पहिली ठिणगी धारपांच्या कथेतूनच मिळाली होती, हे सांगून द्या. जाडी कादंबरी नको, कथासंग्रह द्या.

प्रतिसाद (नेरूळ):
मी प्राथमिक शाळेत शिकवते. भाचीसाठी ‘वाचू आनंदे’ बघा. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलंय, बालगट आणि कुमारगट असे वेगवेगळे भाग आहेत. तुम्हाला कुमारगट हवा. मोठ्या लेखकांचे छोटे उतारे आणि सोबत चित्रं. मुलीला पुस्तक ‘संपवायचं’ ओझं राहत नाही, मधूनच कुठूनही उघडता येतं. पहिले काही दिवस एक परिच्छेद तिने, एक मोठ्यांनी, असं आळीपाळीने मोठ्याने वाचा. जोडाक्षराला अडली की लगेच सांगू नका, वाक्य पुरं होऊ द्या. बहुतेकदा अर्थावरून तीच शब्द ओळखते.

मावशींना दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. महिन्यामहिन्यावरचे लेख आहेत. चैत्र आला की चैत्राचा, असं घरातल्या कोणीतरी वाचून दाखवायचं. भेट पुस्तकाची आणि वाचून दाखवण्याचीही. आधी तो वाचणारा माणूस मात्र पक्का करा.

प्रतिसाद (घणसोली):
ताईंबद्दल लिहितो. आम्ही मूळचे माणदेशातले, वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. मी त्यांना हौसेने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून दाखवायला घेतली. मास्तर येतो, शाळा भरते, तालीम बांधतात, तिथवर खूश होते. शेवटी दुष्काळ पडून वाडी उठते, तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. पुस्तक श्रेष्ठच आहे, पण ज्याचं गाव सुटलंय त्याला न विचारता देऊ नये, असं मला तेव्हापासून वाटतं. माडगूळकरांचंच ‘माणदेशी माणसं’ बघा. एकेका माणसावर एकेक लेख, बस येईपर्यंत वाचून होईल एवढा. त्यातही गरिबी आहेच, म्हणून तेही आधी विचारून द्या. आणि ‘तुमच्या गावाकडचं आहे, आवडेल’ असं आपण ठरवू नये. आवडलं तर त्याच सांगतील.

*

मूळ लेखिका:
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘रारंग ढांग’ आईने दोन दिवसांत संपवलं, वहीत शेरा: ‘मामाच’. भाचीला आळीपाळीने वाचायला मी स्वतः दर रविवारी जाणार आहे. मावशीसाठी तिचा नातू तयार झालाय, आईने त्याच्याकडून वचनच घेतलं. धारपांच्या संग्रहांतला नेमका कोणता घ्यावा, हे कोणी सांगितलं तर हवंच आहे, आईला भुताचं रात्री वाचवत नाही.

‘माणदेशी माणसं’ वहीत सापडलं, शेरा ‘सगळे भेटले’. घणसोलीकरांचं वाचून आईने काल ताईंना सरळ विचारलं, तुमच्या बाजूच्या माणसांवरचं पुस्तक आहे, चालेल का? ताईंनी पीठ मळता मळता विचारलं, “लिहिणारा कुठला?” आई म्हणाली, माडगुळ्याचा. “मग आमच्याच तालुक्यातला की. द्या. पण अक्षर बारीक नको, बसमध्ये हलतं.”

उद्या दुकानात जाऊन पान उघडून बघूनच घेते.