निघण्याआधीच्या भेटी: मिशनसेवेसाठी परदेशी जाताना तुम्ही घरच्यांना आणि मंडळ्यांना कसं भेटलात?

दोन बॅगा
आम्ही नवराबायको आणि दोन मुलं, चार महिन्यांनी निघायचंय. व्हिसा, लसी, भाषेचा कोर्स हे सगळं कसंबसं मार्गी लागतंय, पण भेटींचं गणित काही जुळत नाहीये. चर्चेसनी दर महिन्याला द्यायच्या सपोर्टची, म्हणजे पैशांच्या मदतीची, वचनं पुरी झाल्याशिवाय संस्था तिकीट काढणार नाही, त्यामुळे दर रविवारी वेगळं चर्च, वेगळे पास्टर, तीच साक्ष, म्हणजे देवानं आम्हाला कसं बोलावलं ते सांगणं. परवा लक्षात आलं की आमच्या स्वतःच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आम्ही सलग नऊ रविवार गेलेलोच नाही. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला, म्हणाली, "आमच्याकडे कधी येताय ते सांग, म्हणजे मी लिहून ठेवते." रागावून नाही हो, खरंच तारीख विचारत होती. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. जे यातून गेलेत त्यांनी लिहा ना, जे जमलं तेही आणि जे चुकलं तेही.

पहाटवारा
चुकलेलं मीच आधी लिहिते. मी एकटीच गेले होते, नर्स म्हणून. निघायच्या आधी जवळजवळ वर्षभर चर्चेस केली आणि आईबाबांना शेवटचे तीन दिवस ठेवले, कारण मनात असं की ते काय आपलेच, समजून घेतील. ते तीन दिवस कसे गेले तर घरात सतत माणसं, कोणी प्रार्थना करायला, कोणी नुसतं भेटायला, आणि मी पॅकिंगमध्ये. बाबा आतल्या खोलीत वजनकाटा घेऊन बसायचे, एकेक बॅग ठेवून आकडा वहीत लिहायचे, जास्त झालं की मला हाक मारायचे आणि मी जाऊन दोन पुस्तकं काढायचे. तेवढंच आमचं बोलणं झालं, २२ किलो, २३ किलो. विचारायचं खूप होतं, त्यांना मनापासून पटलंय का, त्यांना भीती वाटतेय का. तीन वर्षांनी पहिल्या सुट्टीत आले तेव्हा ते बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

म्हणून कळकळीनं सांगते, कॅलेंडरमध्ये आईवडिलांचे दिवस आधी लिहा आणि मग उरलेले रविवार चर्चला द्या, उलटं करू नका. आणि त्या दिवसांत प्रोजेक्टर, प्रार्थनापत्रं, वचनांचा हिशोब काहीही उघडायचं नाही.

वाटसरू
मला चर्चबद्दल लिहायचंय. सुरुवातीला मला फार लाज वाटायची, वाटायचं की आपण देवाचं नाव घेऊन हात पसरतोय. मग एकदा बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १५वा अध्याय नीट वाचला. ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला स्पेनला जायचंय, रोमच्या मंडळीला तो अजून भेटलेलाही नाही, तरी मोकळेपणी लिहितो की मला पुढे जायला तुमची मदत व्हावी, पण त्याच वाक्यात असंही म्हणतो की आधी तुमच्या सहवासानं थोडं मन भरू दे. हे दुसरं मी पार विसरलो होतो! मी दहा मिनिटं बोलायचो, कार्डं वाटायचो आणि पुढच्या गावाला पळायचो.

नंतर शक्य तिथे शनिवारी संध्याकाळीच पोचायला लागलो, कोणाच्या तरी घरी मुक्काम, त्यांची दुखणीखुपणी ऐकायची, उपासना झाल्यावर लगेच निघायचं नाही. सगळ्यात लहान मंडळी होती अकरा जणांची, बहुतेक म्हातारी माणसं, मला आधी वाटलं की इथे येऊन काय होणार. तिथल्या एका आजींनी विचारलं, तिथे गेल्यावर शेजारी कोण राहतात त्यांची नावं कळव, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन. असं मला दुसऱ्या कोणीच विचारलं नव्हतं. त्या मंडळीची मदत अगदी छोटी आहे, पण सहा वर्षांत एक महिना चुकलेला नाही. उलट जिथे मोठमोठी वचनं मिळाली त्यातल्या एका ठिकाणाहून निघायच्या महिनाभर आधी नकार आला, कारणही कळलं नाही. वाईट वाटलं, पण खरं सांगू, त्या चर्चमध्ये मी एकाही माणसाला नावानं ओळखत नव्हतो.

निळी छत्री
इथे बहुतेक जण एकमतानं निघालेले दिसतायत. माझं तसं नव्हतं. नवऱ्याला पाचारण, म्हणजे या सेवेसाठी देवाचं बोलावणं, झालं होतं, मला नाही, आणि चर्चमध्ये स्टेजवर त्याच्या शेजारी उभं राहून हसायला मला जड जायचं.

इंग्लंडचा मिशनरी विल्यम कॅरी, त्याची गोष्ट आपण सगळे १७९३ साली तो भारताकडे निघाला इथून सांगतो, त्याच्या बायकोची, डोरथीची, कोणी सांगत नाही. ती आधी नाही म्हणाली होती, पोटात मूल होतं. कॅरी फक्त थोरल्या मुलाला घेऊन निघाला, पण सोबतीच्या कर्जाच्या भानगडीमुळे दोघांना जहाजावरून उतरावं लागलं, मग पुन्हा घरी येऊन तिला विचारलं आणि बहीण बरोबर येत असेल तर येते असं म्हणून ती काही आठवड्यांचं बाळ घेऊन निघाली. घर आवरायला, माणसांना भेटायला तिला कितीसा वेळ मिळाला असेल? पुढे भारतात पाच वर्षांचा मुलगा गेला, तिचं मन ढासळलं आणि १८०७ मध्ये ती त्याच अवस्थेत वारली. ती घाईनं निघाली म्हणूनच असं झालं असं मी म्हणत नाही. पण मी हे वाचलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं, आणि आम्ही जाणं एक वर्ष पुढे ढकललं. त्या वर्षात मी माझ्या मैत्रिणींना, मावशीला, जुन्या शेजारणीला एकेकटी भेटले, त्यांच्यापुढे रडलेही. मग एका सकाळी माझी मलाच तयारी झाली. आता आम्हाला इथे आठवं वर्ष आहे.

आई, वय ६७
मी जाणारी नाही, माझा मुलगा आणि सून गेलेत. चर्चमध्ये सगळे येऊन म्हणायचे, धन्य तुम्ही, मुलगा देवाला दिलात. मला तेव्हा फक्त रडायचं होतं आणि तसं म्हणायची सोय नव्हती. मिशनरी हडसन टेलर १८५३ मध्ये लिव्हरपूलहून चीनला निघाला तेव्हा त्याची आई धक्क्यावर होती, जहाज हललं तसा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याच्या काळजात घुसला असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. तीही भक्तीतली बाई, तिनंही त्याच्यासाठी प्रार्थना केल्या होत्या. मग आम्ही रडलो तर विश्वास कमी असं का समजता?

माझ्या मुलानं एक केलं, दोन चर्चला मलाही सोबत नेलं. मागच्या बाकावर बसून पहिल्यांदाच मी त्याची साक्ष पुरती ऐकली. घरी कधी त्यानं इतकं सांगितलंच नव्हतं. तुम्हीही न्या.

धाकटा
मी मागे राहिलेला भाऊ. दादा जायच्या आधी आम्ही एक अख्खा दिवस फक्त आईच्या औषधांवर, विम्याच्या कागदांवर आणि सहीचा अधिकार कोणाला यावर बसलो. दुखण्यात रात्री दोनला फोन कोणी कोणाला करायचा तेही ठरवलं. मी चर्चला जात नाही, पण त्या दिवसानंतर मला त्याचा राग राहिला नाही.

वाटसरू
मुलांचं राहिलं. आमचा मुलगा पाचव्या का सहाव्या चर्चनंतर म्हणाला, मला परत पुढे उभं करू नका. आम्ही केलं नाही, नुसतं खाली बसू दिलं. त्याऐवजी आजोबांच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड केल्या, अजून झोपताना ऐकतो. आणि ज्यांचा देश संवेदनशील आहे, म्हणजे जिथे मिशनचं काम उघड करणं धोक्याचं आहे, त्यांनी उपासनेचं लाइव्ह चालू आहे का ते बोलायच्या आधी विचारा, आमचं एकदा गावाच्या नावासकट गेलं होतं, नंतर काढायला लावलं.

दोन बॅगा
सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. आज दोन पास्टरांना फोन करून तारखा पुढे मागितल्या, एक म्हणाले आधी घरी जा, आम्ही आहोतच, दुसऱ्यांना आवडलं नाही पण हो म्हणाले. मग आईला फोन केला, पुढच्या महिन्याचे पहिले दोन आठवडे आम्ही तिकडे. ती म्हणाली, त्यातला एक रविवार तरी आपल्या चर्चला येशील ना? म्हटलं, दोन्ही.