मुतखडा: कळ थांबली, पण खडा पडला का?

उन्हाळा लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हापूसच्या पेट्यांखालोखाल मुतखड्याचा विषय निघतो. रात्री कुणीतरी ॲडमिट होतं आणि सकाळपर्यंत पानफुटी, हुलगे, बीअर, नारळपाणी असे उपाय येऊन पडतात. पण त्या माणसाचा खडा केवढा होता, कुठे अडकला होता आणि पुढे त्याचं काय झालं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कसं कळलं, काय केलं आणि खडा गेला हे कशावरून ठरलं, ते लिहा. गोळ्यांचे डोस आणि डॉक्टरांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मीच करतो. बरगड्यांखाली, पाठीच्या उजव्या बाजूला कळ आली आणि तिथून कुशीतून खाली जांघेपर्यंत उतरली. सोबत उमासे. पाठ धरलेला माणूस हलायला घाबरतो, मुतखडेवाला घरभर येरझाऱ्या घालतो. ना बसवत, ना आडवं होववत. लघवीच्या तपासणीत रक्तपेशी निघाल्या. सोनोग्राफीत 4 मिमीचा खडा दिसला, किडनीतून येणारी नळी मूत्राशयाला मिळते तिथे. कळेसाठी इंजेक्शन दिलं, मग नळी सैल पडावी म्हणून टॅमसुलोसिन. 5 मिमीच्या आतले खडे बहुतेक वेळा आपले आपण पडतात, 10 च्या पुढे ती आशा फारशी धरायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लघवी गाळून बघायला लावलं. चहाची जुनी गाळणी त्या कामाला निघाली. तिच्या दांडीला बायकोने लाल दोरा बांधला, चुकून ओट्यावर यायला नको! एका सकाळी जाळीवर मुगाएवढा, तपकिरी, काटेरी ऐवज सापडला. लॅबमध्ये दिला, कॅल्शियम ऑक्झलेट निघाला.

हडपसर
आमच्या दिरांचं सांगते. आठवड्याभरात कळ गेली तसे म्हणाले, "वहिनी, पडला असणार." गाळणी नाही, परत सोनोग्राफी नाही. कामाला लागले. पुढे कंपनीच्या वार्षिक तपासणीत डावी किडनी सुजलेली आढळली, खडा नळीतच बसलेला. वाट अडलेलीच असली तरी कालांतराने कळ थांबू शकते आणि किडनी आतल्या आत खराब होत राहते, हे आम्हाला तिथे कळलं. सीटी स्कॅन झाला, दुर्बिणीने खडा फोडला, वाट उघडी राहावी म्हणून आत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक लवचिक नळी, ठेवला. स्टेंटमुळे लघवीला सारखं जावंसं वाटतं, कधी रक्तही दिसतं. पण तो काढायची तारीख फ्रिजवर चिकटवा. विसरून राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात.

लक्ष्मी रोड
साडीच्या दुकानात काउंटरवर आहे. दुकानात बायकांसाठी सोय नाही आणि बाहेर कुठे जायचं? त्यामुळे आम्ही सगळ्याच जणी दिवसभर घोटघोटच पाणी पितो. मला खडा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी, तेवढं पाणी प्या. मी म्हटलं, डॉक्टर, हे आमच्या शेठना लिहून द्या. त्यांनी खरंच लेटरहेडवर लिहून दिलं. आता दुपारी वरच्या मजल्याची किल्ली मिळते. सगळ्यांनाच.

बिबवेवाडी
सासूबाईंना मधुमेह आहे. कुशीत दुखणं होतंच, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. फॅमिली डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, सकाळची वाट बघू नका. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की तो रक्तात पसरतो. आधी नळी टाकून लघवीला वाट केली, अँटिबायोटिक दिली. खडा नंतर, ताप पूर्ण उतरल्यावर काढला. ताप असेल तर घरी काढे करत बसू नका, एवढंच.

औंध
माझा खडा युरिक ॲसिडचा. साध्या एक्स-रेत असा खडा दिसत नाही, सीटीत दिसला. लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने तो चक्क विरघळला. पण हे याच जातीला लागू, कॅल्शियमचा खडा असा विरघळत नाही. म्हणून खडा हाती लागला तर तपासून घ्या.

सदाशिव पेठ
आजीच्या आज्ञेवरून हुलग्याचं माडगं भरपूर प्यायलो. खडा पडला. मात्र तो 3 मिमीचा होता, तसाही पडलाच असता. माडगं चांगलं लागतं, श्रेय किती द्यायचं ते तुम्ही ठरवा. दूध बंद करायचं का?

> धागाकर्ता: उलट. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. मला दूध-दही चालू ठेवायला सांगितलं. मीठ कमी केलं, म्हणजे लोणचं-पापड गेले. पालक, अळू, शेंगदाणे बेताने. लिंबू रोज. अळूच्या फतफत्याचं दुःख वेगळं.

कर्वेनगर
माझा किडनीतच होता, 9 मिमी. लिथोट्रिप्सी केली, म्हणजे बाहेरून लहरी मारून फोडणं. कापाकापी नाही. पण तुकडे खाली उतरताना पुन्हा कळा येतात, हे आधी कुणी बोललं नव्हतं. गरोदर बाईला ही करत नाहीत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही आधी सांगाव्या लागतात.

वाघोली
आमच्याकडे टँकरचं पाणी. पातेल्याला पांढरा थर बसतो. त्यानेच खडे होतात ना? माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत टाकलाय.

> धागाकर्ता: माझ्या डॉक्टरांच्या मते पाणी जड की हलकं यापेक्षा किती पिता, हे जास्त महत्त्वाचं. लघवी पिवळीजर्द होत असेल तर पाणी कमी पडतंय. आणि दादा, तुमचा तो रिपोर्ट 2 वर्षांपूर्वीचा आहे. नवीन सोनोग्राफी करून या, मग इथे मिमी आणि जागा लिहा.