जागतिक करारांनी हवामान सावरतं का? ऐरोली ते घोडबंदर, मतं मांडा

ऐरोलीकर

अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये 2015 च्या पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा अंग काढून घ्यायचं जाहीर केलं. तेव्हापासून ओळखीतल्या किती जणांच्या तोंडून ऐकलं, "सगळ्या जगाने एकत्र येऊन हवामान सावरणं हे होणारं काम नाही." शिकलेली, वाचणारी माणसं हे बोलतात, म्हणून जास्त लागतं. मला ते अजिबात मान्य नाही.

वातावरणाचं एक मोठं दुखणं जगाने मिळून बरं करायला घेतलं आणि ते बरं होतंय. 1987 चा मॉन्ट्रियल करार. फ्रीज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू ओझोनचा थर खात होते. आज जगातला एकूण एक देश त्या करारात आहे. भारत लगेच सही करायला धावला नव्हता. वायू तुम्ही सोडलेत, मग आमचे कारखाने बदलायचा खर्च कोण देणार, असा आपला रोखठोक सवाल होता. त्यातून गरीब देशांसाठी निधी उभा राहिला, त्यांना 10 वर्षांची जादा मुदत मिळाली आणि 1992 मध्ये आपण आत गेलो. 2008 मध्ये आपल्याकडे सीएफसीचं उत्पादन जवळपास पूर्ण थांबलं. अंटार्क्टिकावरचा थर 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल, आर्क्टिकवर 2045 च्या सुमारास आणि बाकी जगात 2040 पर्यंतच, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे वायू उष्णताही भयंकर अडवतात, त्यामुळे तापमानवाढीलाही त्याच कराराने बराच लगाम बसला.

तिथे पैसा होता, मुदत होती, आणि जो देश बाहेर राहील त्याच्याशी त्या वायूंचा व्यापार बंद होता. पॅरिसमध्ये हे तिसरं नाही आणि पहिलं अर्धवट आहे. म्हणून मी म्हणतो, दात नसलेले करार चालत नाहीत. "करारच चालत नाहीत" हे मात्र खोटं आहे.

घोडबंदरचा

मॉन्ट्रियलचं उदाहरण मोठं सोयीचं आहे. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि पर्यायी वायू त्यांच्याच प्रयोगशाळांत तयार होत होते. कोळसा आणि तेल तसं आहे का? लोखंड, सिमेंट, खत, आपली लोकल, रात्रीचा पंखा, सगळं त्यावर चालतं.

तुम्ही पुढचे अंदाज देता, मी मोजलेले आकडे देतो. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत 1958 मध्ये हवेतल्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 भाग होते. रिओच्या पृथ्वी परिषदेच्या वर्षी, 1992 मध्ये, 356. पॅरिसच्या वर्षी 400 च्या वर. आता 420 च्याही पुढे. तीस वर्षं परिषदा भरतायत आणि रेघ एकदाही खाली वळली नाही. श्रीमंत देशांनी उत्सर्जन घटवायचा क्योटो करार अमेरिकेने मंजूर केलाच नाही, कॅनडाने 2011 मध्ये बाहेर पडत असल्याचं कळवलं. आभाळच फाटलंय, तिथे ठिगळ कुठे लावणार? तो पैसा नाले, रुग्णालयं आणि पाण्यावर खर्च करा. निदान माणसं वाचतील.

जुना ठाणेकर

मुळात हवामान कधी बदलत नव्हतं? हिमयुगं आली आणि गेली, तेव्हा कुठले कारखाने होते? सूर्याच्या तेजात चढउतार होतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, तो अजून सगळ्यांना पुराव्यासारखा वापरायचा असतो. एका दिवसाच्या पावसाने काय सिद्ध होतं?

भौतिकीवाली

काका, एका दिवसाच्या पावसाने काही सिद्ध होत नाही, हे तुमचं अगदी बरोबर. पण सूर्याचा मुद्दा तपासून झालेला आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबर, थंड होतोय. उष्णता खाली अडकून राहिली की असं होतं. दुसरी खूण कार्बनमध्येच आहे. कोळसा आणि तेल करोडो वर्षं जमिनीखाली राहिल्यामुळे त्यांच्यात कार्बन-14 उरलेला नसतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये त्याचं प्रमाण पातळ होत गेल्याचं मोजलेलं आहे. वाढीव कार्बन कुठून आला, ते त्यावरून कळतं. हिमयुगं आपल्यामुळे आली नव्हती, म्हणून आत्ताची वाढही आपल्यामुळे नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

जुना ठाणेकर

स्थितांबराचं मला माहीत नव्हतं, वाचतो. पण मूळ शंका कायम आहे. पुढच्या 80 वर्षांचं भाकीत करणाऱ्यांना पुढच्या आठवड्यातला पाऊस नीट सांगता येत नाही.

दिवाळ्याचा कोळी

आमच्या खाडीवर मोठमोठं लिहिलं जातं म्हणून बोलतो. फ्लेमिंगो अभयारण्य 2015 ला झालं, 2022 ला ठाण्याच्या खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण मासळी कुणी संपवली? सांडपाण्याने, कारखान्यांच्या पाण्याने आणि भरावाने. नवी मुंबईच्या विमानतळासाठी डोंगर सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ते काही हवामान बदलाने केलं नाही. आता जे बिघडेल त्याचं बिल हवामानाच्या नावावर फाडतात, आणि ज्यांनी भराव टाकला ते मोकळे. तुम्ही जगाच्या गोष्टी करता तेव्हा जवळचा गुन्हेगार सुटतो, हा माझा राग आहे.

ऐरोलीकर

दादा, तुमचा राग रास्त आहे आणि भरावाचा दोष हवामानावर ढकलू देता कामा नये. पण समुद्राची पातळी वाढतेय, तिचा त्रास सगळ्यात आधी तुमच्याच गावाला होणार. नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलेत. म्हणून धारण तलाव केले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. आता त्या तलावांत गाळ साचलाय आणि गाळात कांदळवन उगवलंय. कांदळवन तोडायचं तर न्यायालयाची परवानगी लागते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल त्याबाबत कडक आहे, जो मला पटतो. गाळ काढला नाही तर पाणी घरात, काढला तर कांदळवनाचा जीव. घोडबंदरचे भाऊ म्हणतात तो पैसा नाल्यांवर खर्च करा. करूया. पण समुद्र वर येतच राहिला, तर ओहोटीलासुद्धा झडप पुरती उघडणार नाही. मग नाला कितीही रुंद करा.

घोडबंदरचा

आणि खारघरचं काय? एप्रिल 2023 ला तिथल्या मैदानात पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 जण गेले. तुम्ही त्यालाही हवामान बदल म्हणणार. लाखो माणसं भर उन्हात बसवली आणि त्यांच्या डोक्यावर मांडव नव्हता. मांडव घालायला पॅरिस करार लागत नाही.

भौतिकीवाली

मांडव हवाच होता, त्यात दुमत नाही. पण त्याच महिन्यातल्या भारत-बांगलादेशच्या दमट उष्णतेचा अभ्यास झाला होता आणि अशी लाट येण्याची शक्यता तापमानवाढीमुळे किमान 30 पटींनी वाढली, असा त्याचा निष्कर्ष होता. ऊन वाढलं म्हणूनच मांडव नसल्याची किंमत एवढी मोठी झाली. यातलं एक मानलं की दुसरं नाकारायचं, असं का?

तळोजा बोल्ट

माझा नट-बोल्टचा छोटा कारखाना आहे, माल युरोपात जातो. करारांना दात नाहीत असं वर लिहिलंय. दात आलेत साहेब, आणि ते आम्हाला चावतायत.

युरोपचा सीबीएएम, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरची कार्बन आकारणी. ऑक्टोबर 2023 पासून नुसती माहिती मागत होते, जानेवारी 2026 पासून पैशांचा हिशोब सुरू. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. बोल्टही त्यात आहेत. माल बनवताना किती कार्बन सुटला त्याचा भुर्दंड तिकडचा आयातदार भरणार, म्हणजे शेवटी माझ्याच दरातून कापणार. छपरावर सोलर टाक, असं मला सगळे सांगतात. वीजबिलासाठी ठीक आहे, पण पोलादाच्या मालात या हिशोबात विजेचा कार्बन सध्या धरतच नाहीत. माझ्या बोल्टचा बहुतेक कार्बन मी विकत घेतो त्या तारेत असतो. ती कोळशावरच्या झोतभट्टीच्या पोलादाची असेल तर आकडा मोठा, भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीची असेल तर लहान. गिरणीकडे आकडा मागितला तर एवढ्याशा गिऱ्हाईकाला कोण विचारतो? आकडा नसला की ते आपल्या मनाने ठरवलेला, चढा आकडा लावतात.

भारतात दरडोई वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, अमेरिकेत सुमारे 14. दीडशे वर्षं धूर त्यांनी सोडला आणि दंड तळोज्यातल्या शेडमध्ये. याला जागतिक कृती म्हणणार असाल तर मी विरोधात.

घोडबंदरचा

हेच सांगत होतो. कृती म्हणजे श्रीमंतांनी गरिबांवर लावलेला कर. 2009 ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांना 2020 पर्यंत वर्षाला 10,000 कोटी डॉलर द्यायचा शब्द दिला, तो 2022 ला पुरा झाला, त्यातही बरीच रक्कम कर्जाऊ. 2024 ला बाकूच्या परिषदेत 2035 पर्यंत वर्षाला 30,000 कोटींवर बोळवण केली. भारताच्या प्रतिनिधींनी तिथेच आक्षेप घेतला.

न्हावाशेवा

मी जहाजांच्या धंद्यातला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 2020 पासून 3.5 टक्क्यांवरून 0.5 वर आणली. जहाज अडवण्याचा अधिकार बंदराला असल्यामुळे बहुतेकांनी निमूट पाळलं. कार्बनवरची आकारणी मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली वर्षभर पुढे ढकलली. दोन्ही एकाच संघटनेत घडलंय.

ऐरोलीकर

तळोजा, तुमची तक्रार खरी आहे आणि ती मोठ्याने करायला हवी. पण मॉन्ट्रियलच्या वेळी आपण काय केलं ते पुन्हा पाहा. अन्याय आहे म्हणून घरी बसलो नाही. पैसे आणि मुदत वसूल करून मगच सही केली. करार थोतांड आहे असं आपणच म्हणायला लागलो, तर टेबलावर आपली बाजू कोण मांडणार? बेटांवर राहणाऱ्या चिमुकल्या वानुआटूने चिकाटीने प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने मत दिलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. ते बंधनकारक नाही, तरी वाटाघाटीत ते हत्यार आपल्याच हातात येतं.

मौना लोआच्या रेघेबद्दल. ती खाली वळली नाही, खरंय. पण पॅरिस करार झाला तेव्हाच्या धोरणांनी शतकाअखेर तापमानवाढ 4 अंशांच्या जवळ जाणार होती. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या अहवालात आताच्या धोरणांनुसार ती 2.8 आहे. 2.8 भयंकरच आहे. पण मधला एक अंश कुठून आला? भारतात 2010 च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला 17 रुपयांच्या आसपास ठरवला जात होता, 2017 मध्ये राजस्थानात भाडला इथे 2.44 रुपयांची बोली लागली. जर्मनीने आधी महाग वीज घेतली, चीनने कारखाने टाकले, आपण लिलाव केले. एकट्या देशाने हे झालं नसतं.

घोडबंदरचा

तरी आपली सुमारे सत्तर टक्के वीज कोळशावरच आहे. संध्याकाळी सात वाजता भाडला काय देणार? आणि तो एक अंश कागदावरचा आहे, मोजलेला नाही. माझ्या मुलाच्या आयुष्यात रेघ वळेल असं मला वाटत नाही, म्हणून मी त्याच्या शाळेबाहेरचा नाला आधी मागतो. तळोजा, तुम्हीच सांगा, तुमच्या मालातून कापलेला पैसा आपल्याकडे राहील असा काही मार्ग आहे का?

तळोजा बोल्ट

आहे. कार्बनची किंमत इथे भरलेली असेल तर तेवढी तिकडे वजा होते. आपल्या सरकारने 2023 मध्ये कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याचे दाखले, यांच्या व्यापाराची योजना अधिसूचित केली. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्याही केली: टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन. गिरणीने तारेच्या प्रत्येक बिलावर आपल्या उत्सर्जनाचा आकडा छापायचा, असा सरकारने नियम करावा. मग मी युरोपला खरा आकडा देईन आणि कमी कार्बनची तार निवडून घेईन. आमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हीच मागणी ठेवणार आहे. सीबीएएमला माझा विरोध आहेच, पण आकड्याशिवाय विरोधही करता येत नाही.